म्यानातली मधली पट्टी राहूनच गेली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत चाकूसाठी चामड्याचं म्यान घरी कसं करायचं यावर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला. या कामावर कोणीतरी लिहितंय याचाच आधी आनंद झाला, मी स्वतः सहा वर्षं हे करतेय. पण लेखात हत्यारांची भलीमोठी यादी, चामड्याबद्दल फक्त 'जाड चामडं घ्यावे' एवढंच, आणि म्यानाच्या आत जी मधली पट्टी लागते तिचं नावच नाही. तो लेख बघून कुणी म्यान शिवलं तर बोट कापून घेईल, म्हणून लगेच लिहायला बसले.

ही पट्टी म्हणजे म्यानाचे दोन पदर जिथे शिवतो तिथे, धारेच्या बाजूने, दोन्ही पदरांच्या मधे बसवलेला चामड्याचा तिसरा तुकडा, साधारण ८ ते १० मिमी रुंद. हे काम करणारे तिला वेल्टच म्हणतात. चाकू आत सरकताना धार या पट्टीला टेकते, दोऱ्यापर्यंत पोचत नाही. पट्टी नसेल तर धार थेट टाक्यांवर, आणि रोज थोडा थोडा दोरा कापला जातो आणि बाहेरून काहीच कळत नाही. माझं पहिलं म्यान असंच दोन पदरी होतं, टाके अगदी एकसारखे आले होते, मी सगळ्यांना दाखवत फिरले. दोन महिन्यांनी चाकू आत घालताना शिवण उसवली आणि पातं बाजूने बाहेर येऊन डाव्या हाताच्या बोटात घुसलं, कारण म्यान धरलं की बोटं नेमकी शिवणीवरच असतात. नंतर ते म्यान उलगडलं तर ओळीने सात टाके आतून कापलेले, बाहेरच्या बाजूचा दोरा मात्र नवाकोरा.

पट्टी चिकटवतानाही एक गोष्ट बघायची. चामड्याची वरची बाजू गुळगुळीत असते, तिच्यावर कॉन्टॅक्ट गम नीट धरत नाही, म्हणून पट्टीची ती बाजू खरखरीत सँडपेपरने घासून घ्यायची, मग दोन्ही बाजूंना गम लावून हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं (१०-१५ मिनिटं) आणि मग दाबायचं. ओला असतानाच दाबलं तर पदर सरकतात.

आता चामडं. झाडाच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं, म्हणजे व्हेज टॅन, हेच घ्यायचं, ३ ते साडेतीन मिमी जाडीचं. बॅगा-जॅकेटांचं मऊ चामडं बहुतेक क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं, ते ओलं करून चाकूचा आकार द्यायला गेलं तर वाळल्यावर परत ढिलं पडतं, शिवाय त्यात राहिलेल्या क्षारांनी पात्याला गंज चढू शकतो. कापलेल्या कडेत मधे निळसर करडी झाक दिसली तर ते चामडं म्यानासाठी बाजूला ठेवा. पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा, असं माझं स्पष्ट मत आहे, चाळीस हत्यारांचा सेट पहिल्याच दिवशी घेऊ नका.

हत्यारं म्हणाल तर धारदार कटर, लोखंडी फूटपट्टी, भोकं पाडायला आरी, दोन बोथट टोकाच्या सुया आणि मेण लावलेला दोरा. टाक्यांच्या खुणा करायला कंपासपेटीतला डिव्हायडर ४ मिमीवर लावला की झालं. खुणा करायच्या दातेरी छिन्न्या नंतर कधीतरी घेतल्या तरी चालतं, फक्त त्यांच्यावर लोखंडी हातोडा मारू नका, डोकं फाकतं, लाकडी वापरा. आरी मात्र चांगली हवी, शंकरपाळी आकाराच्या टोकाची, आणि तिला अधूनमधून धार लावायची. तीन पदर म्हणजे ९ मिमी चामडं, बोथट आरी रेटायला गेलं की ती तिरकी जाते आणि मागच्या बाजूची शिवण वाकडी दिसते.

शिवायला एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया उलटसुलट काढायच्या. मशीनची शिवण एका जागी तुटली की पुढे उसवत जाते, यात एक बाजू तुटली तरी दुसरा दोरा धरून ठेवतो. दोरा शिवणीच्या चौपट घ्या असं तुमच्या लेखात आहे, ते दोन पातळ पदरांना ठीक आहे. तीन पदरांना पुरत नाही कारण प्रत्येक टाक्याला दोरा ४ मिमी पुढे जातो आणि ९ मिमी जाडी ओलांडतो, दोन्ही सुयांचे मिळून २६ मिमी, म्हणजे साडेसहापट, हातात धरायची टोकं वेगळी. २० सेंमी शिवणीला मी पावणेदोन मीटर घेते. शेवटचे चार टाके राहिलेत आणि दोरा संपलाय, यासारखा वैताग नाही.

आकार देताना म्यान कोमट पाण्यात बुडवून, चाकू प्लॅस्टिकच्या पातळ फिल्ममधे नीट गुंडाळूनच आत घालायचा. टॅनिन आणि लोखंड ओल्यात एकत्र आले की काळा डाग पडतो. एकदा मी आरी पुसली आणि त्याच हाताने ओलं म्यान दाबलं, दुसऱ्या दिवशी अंगठ्याचा ठसा काळा उमटलेला, आजही तसाच आहे. वाळवायचं सावलीत, निदान एक दिवस, हीटर किंवा उन्हाजवळ नको, चामडं कडक होऊन तडकतं.

आणि लेखात शेवटी 'चाकू कायम म्यानातच ठेवावा' असं छापलंय ते कृपया दुरुस्त करा. चामडं हवेतला ओलावा धरतं, कार्बन स्टीलचं पातं महिनोन्‌महिने आत राहिलं तर गंजतं. म्यान बाळगण्यासाठी, घरी ठेवताना पातं पुसून, तेलाचा हात फिरवून वेगळं ठेवायचं.

पुढच्या लेखात जमलं तर म्यानाचा आडवा छेद काढून एक चित्र छापा, दोन पदर, मधे पट्टी आणि पट्टीला टेकलेली धार. ज्यांनी आधीच दोन पदरी शिवून ठेवलंय त्यांना शिवण उसवून पट्टी आत घालता येते, गम सुटायला थोडा वेळ लागतो आणि कडा परत घासाव्या लागतात, पण म्यान वाया जात नाही.

आपली,
एक वाचक