गाठ पक्की, म्हणूनच अडचण

पावसाळ्याच्या तोंडावर पालिकेचे कर्मचारी आमच्या वस्तीतल्या पत्र्यांवरचे जुने टायर उतरवून नेतात. त्यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. पुढच्या वर्षी पत्र्यांवर पुन्हा टायर हजर!

या दुखण्याचे मूळ १८३९ सालात आहे. चार्ल्स गुडइयरने कच्चे रबर गंधकासोबत तापवले आणि रबराच्या लांबलचक रेणूंना गंधकाच्या गाठी बसल्या. त्या गाठींमुळेच टायर टिकतो आणि त्यांच्यामुळेच तो प्लास्टिकसारखा वितळवून पुन्हा ओतता येत नाही. उरतो तो भुगा, नाहीतर भट्टीत तापवून काढलेले तेल. याला पुनर्वापर म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

शास्त्रज्ञ लुडविक लाइबलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पॅरिसमध्ये वेगळेच रबर करून दाखवले. कापलेली टोके एकमेकांना टेकवून ठेवली की ती आपोआप सांधतात. ना डिंक, ना उष्णता. कारण त्यातल्या गाठी हायड्रोजन बंधांच्या, म्हणजे रेणूंमधल्या कमजोर ओढीच्या; सुटणाऱ्या आणि पुन्हा जुळणाऱ्या. अर्थात असे मऊ रबर ट्रकचा भार पेलणार नाही. (पंक्चरवाल्यांनी घाबरू नये.)

टाकाऊ टायरची जबाबदारी केंद्राच्या २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकलीच आहे. त्यांनी माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी अशा संशोधनाला पैसा द्यावा. सुरुवात टायरपासूनच कशाला? नळाचे वायसर, चपलांचे तळ, कुकरच्या रिंगाही रोज कचऱ्यात जातातच.

– एक वाचक, कुर्ला