जुन्या हँडसेटवरील ईमेल पूर्वसूचनेशिवाय बंद केल्याबद्दल आणि त्यानंतर असुरक्षित सेटिंग सांगितल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग (ईमेल होस्टिंग)

विषय : आमच्या दोन मेलबॉक्सची जुन्या मोबाइल उपकरणांवरील सेवा अचानक बंद होणे, ग्राहक सेवा केंद्राने दिलेला चुकीचा सल्ला आणि त्यामुळे झालेले नुकसान.

संदर्भ : आमची तीन वर्षांची आगाऊ भरलेली योजना आणि ग्राहक सेवा केंद्राशी झालेली चार वेळची बोलणी.

महोदय/महोदया,

स. न. वि. वि.

मिरजेत तंबोरे आणि सतारी बनवण्याचे आमचे घरचे काम आहे. बाहेरगावची आणि परदेशातली बरीचशी मागणी ईमेलने येते, कारण तंबोरा कोणत्या पट्टीचा, म्हणजे काळी चारचा हवा की काळी एकचा, भोपळा किती मोठा, तारा कोणत्या, पाठवायचा कुठे, हे सगळे लेखी असलेले बरे असते. फोनवर झालेले बोलणे सहा महिन्यांनी कोणालाच नीट आठवत नाही. याच कारणासाठी आम्ही स्वतःच्या नावाचे डोमेन घेऊन तुमच्याकडे दोन मेलबॉक्स उघडले आणि तीन वर्षांचे पैसे एकदम भरले. त्यातले १९ महिने अजून शिल्लक आहेत.

दुकानातल्या संगणकावर माझे यजमान मेल पाहतात. कारखाना दुकानापासून लांब आहे आणि तिथे माझे सासरे बसतात. त्यांचे वय ७४ आहे. त्यांच्याकडे २०१० साली घेतलेला नोकिया ई७१ आहे, ज्याच्या पडद्याखाली संगणकासारखा पूर्ण कळफलक आहे. कानस आणि पटाशी धरून त्यांच्या बोटांची टोके इतकी घट्ट झाली आहेत की टचस्क्रीनवर एक अक्षर उमटवायला त्यांना तीन-तीन वेळा दाबावे लागते. ई७१ ची बटणे मात्र ते न बघता दाबतात. ‘एन’ आणि ‘एम’ या बटणांवरची अक्षरे पुसून गेली आहेत, तरी त्यांचे उत्तर कधी चुकत नाही. कारखान्यातच अँड्रॉइड ४.४ चा सात इंची टॅब आहे, तो मी वापरते. ही दोन्ही उपकरणे आम्ही सहज बदलू शकतो असे कृपया गृहीत धरू नये. हे सांगण्याचे कारण असे की तुमच्या प्रतिनिधींनी पहिल्याच मिनिटाला तेच गृहीत धरले होते.

योजना घेण्यापूर्वी मी तुमच्या मदतपानावर ‘जुन्या हँडसेटसाठी सेटिंग’ हा भाग वाचला होता आणि त्याची छापील प्रत काढून ठेवली होती. त्यात लिहिल्याप्रमाणेच आम्ही दोन्ही उपकरणे लावली. ई७१ वर स्वतःच्या डोमेनचा पत्ता टाकला की आपोआप सेटिंग होत नाही, म्हणून येणाऱ्या मेलसाठी आयमॅप (पत्रे सर्व्हरवरच ठेवून वाचण्याची पद्धत), सिक्युरिटीत एसएसएल (फोन आणि सर्व्हर यांच्यातल्या संभाषणाचे कुलूप), पोर्ट (सर्व्हरचे ठरावीक क्रमांकाचे दार) ९९३ आणि जाणाऱ्या मेलसाठी पोर्ट ४६५ असे एकेक करून भरावे लागले. जाणाऱ्या मेलच्या भागात नाव आणि पासवर्ड पुन्हा वेगळा भरावा लागतो, नाहीतर मेल येतात पण जात नाहीत, ही गोष्ट तुमच्या पानावर नव्हती. ती शोधण्यात आमचे दोन दिवस गेले, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. एकदा बसल्यावर ही व्यवस्था विनातक्रार चालू होती.

गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी दोन्ही उपकरणांवर एकाच वेळी मेल येणे बंद झाले. सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही, एवढाच संदेश दिसत होता. दुकानातल्या संगणकावर मात्र सगळे सुरळीत होते, म्हणून आम्ही दोष फोनचाच धरला. ई७१ ची बॅटरी काढून घातली की कधीकधी त्याची तारीख मागे जाते आणि तारीख चुकली की सर्व्हरचे प्रमाणपत्र मुदतीबाहेरचे ठरते, हे आम्हाला अनुभवाने माहीत होते, म्हणून आधी तारीख तपासली. मग वायफाय बंद करून मोबाइल डेटावर पाहिले. मेलबॉक्स पुसून पुन्हा भरला. असे तीन दिवस गेले. तुमच्याकडून आम्हाला ईमेल, एसएमएस किंवा पत्र यांपैकी काहीही आलेले नव्हते आणि आजतागायत आलेले नाही.

पहिल्या प्रतिनिधीने पासवर्ड चुकतो आहे असे सांगून तो बदलायला लावला. फोनवर फरक पडला नाहीच, उलट संगणकावरचा चालू असलेला मेलही संध्याकाळपर्यंत अडकला. दुसऱ्याने उपकरणे जुनी आहेत, नवी घ्या, असे सांगून फोन ठेवला. चौथ्या दिवशी तिसऱ्या प्रतिनिधीने मात्र अर्धा तास वेळ दिला, आणि माझ्या तक्रारीचे खरे मूळ त्याच अर्ध्या तासात आहे. त्यांनी मला आयमॅप काढून पीओपी३ (पत्रे उपकरणावर उतरवून घेण्याची पद्धत) निवडायला, पोर्ट ११० भरायला, सिक्युरिटी ‘ऑफ’ करायला आणि जाणाऱ्या मेललाही तसेच करायला सांगितले. दोन्ही उपकरणांवर लगेच मेल आले. मी त्यांचे मनापासून आभार मानले. असे केल्याने काय होईल याबद्दल त्यांनी एक शब्दही सांगितला नाही आणि विचारावे इतके मला तेव्हा कळत नव्हते.

पुढचे ११ दिवस आम्ही तसेच वापरले. त्यानंतर पुण्याला संगणकशास्त्र शिकणारा माझा भाचा सुट्टीला आला. त्याने आपल्या लॅपटॉपचा हॉटस्पॉट केला, त्यावर ई७१ जोडला आणि मला ‘मेल आणा’ हे बटण दाबायला सांगितले. लॅपटॉपच्या पडद्यावर फोन आणि तुमचा सर्व्हर यांचे संभाषण ओळीने उमटत गेले. एका ओळीत ‘यूजर’ आणि पुढे आमचा पूर्ण ईमेल पत्ता होता. खालच्या ओळीत ‘पास’ आणि पुढे आमचा पासवर्ड, अक्षर न् अक्षर, जसा मी बदलला होता तसा. त्याच्याही खाली एका ग्राहकाचे पत्र त्याच्या घरच्या पत्त्यासकट वाचता येत होते. माझ्या हातापायातले बळच गेले. परदेशातल्या ग्राहकांनी आम्हाला पैसे पाठवावेत म्हणून आमचा खाते क्रमांक आम्ही याच मेलबॉक्समधून कळवतो. हा पासवर्ड कोणाच्या हाती लागून त्याने आमच्याच पत्त्यावरून दुसरा खाते क्रमांक कळवला, तर फसवणूक झाल्याचे आम्हाला आणि ग्राहकाला कळेपर्यंत पैसे गेलेले असतील.

मग मी चौथ्यांदा तुमच्याकडे फोन केला आणि तेव्हा प्रथमच मला सांगण्यात आले की सुरक्षेसाठी कंपनीने टीएलएस १.० आणि १.१, म्हणजे फोनमधल्या ‘एसएसएल’ सेटिंगमागच्या कुलपाच्या जुन्या आवृत्त्या, बंद केल्या आहेत. या निर्णयाशी माझे भांडण नाही, हे मी स्पष्टपणे लिहिते. टीएलएस १.० हे १९९९ सालचे आहे, मार्च २०२१ मध्ये इंटरनेटचे मानक ठरवणाऱ्या संस्थेने १.० आणि १.१ या दोन्ही आवृत्त्या औपचारिकरीत्या मोडीत काढल्या आणि २००८ चे १.२ किंवा २०१८ चे १.३ वापरणे योग्य आहे, हे मी आता समजून घेतले आहे. पण ज्या कंपनीला टीएलएस १.० असुरक्षित वाटते, तिने कोणतेच कुलूप नसलेले पोर्ट ११० सर्व्हरवर उघडे का ठेवले आहे आणि तिचा प्रतिनिधी ग्राहकाला नेमके तेच वापरायला का सांगतो? जुने कुलूप कच्चे म्हणून काढायचे आणि त्याच ग्राहकाला दार सताड उघडे ठेवायला सांगायचे, ही सुरक्षा कोणाची, याचे उत्तर मला लेखी हवे आहे.

दुसरा मुद्दा ‘उपकरण बदला’ या सल्ल्याचा आहे. ई७१ ला टीएलएस १.२ येत नाही, हे मला मान्य आहे. टॅबची गोष्ट निराळी आहे. अँड्रॉइड ४.१ पासून टीएलएस १.२ प्रणालीत असतेच; ५.० च्या आधीच्या आवृत्त्यांत ते मुळात चालू केलेले नसते, एवढेच. त्यामुळे टॅबबरोबर आलेले मेल अ‍ॅप ते वापरत नाही, पण जे अ‍ॅप स्वतःहून ते चालू करते त्याला अडचण येत नाही. भाच्याने तसे एक अ‍ॅप टॅबवर टाकले आणि पोर्ट ९९३ वर, पूर्ण सुरक्षेसह, आयमॅपने आमचे मेल पंधरा मिनिटांत सुरू झाले. ही माहिती द्यायला तुमच्या प्रतिनिधीला दोन वाक्ये पुरली असती. ती त्यांना ठाऊक नव्हती, याचा दोष मी त्यांच्यावर ठेवत नाही, कारण त्यांच्यासमोर जो कागद ठेवला जातो तोच ते वाचून दाखवतात. तो कागद तयार करणे हे कंपनीचे काम आहे.

पीओपी३ लावल्याने झालेले नुकसान वेगळे. आयमॅपमध्ये सगळी पत्रे सर्व्हरवर राहतात, त्यामुळे सासऱ्यांनी फोनवरून दिलेले उत्तर दुकानातल्या संगणकावरही दिसत असे आणि कोणी कोणाला काय कळवले हे आम्हाला एकमेकांना विचारावे लागत नसे. पीओपी३ फक्त इनबॉक्स उतरवून घेते आणि पाठवलेले पत्र ज्या उपकरणावरून पाठवले तिथेच राहते. त्या ११ दिवसांत न्यू जर्सीतल्या एका मराठी बाईंनी मुलीसाठी तंबोऱ्याची चौकशी केली. सासऱ्यांनी ई७१ वरून किंमत आणि चार महिन्यांची मुदत कळवली. संगणकावर ते उत्तर न दिसल्यामुळे यजमानांनी दोन दिवसांनी स्वतंत्र उत्तर लिहिले, ज्यात पेटीचा आणि विमानाचा खर्च धरून किंमत अर्थातच जास्त होती आणि मुदत सहा महिन्यांची होती. एकाच पत्त्यावरून दोन किमती गेल्या. त्या बाईंनी अतिशय सौम्य शब्दांत विचारले की यातली खरी कोणती. आम्ही खुलासा केला, पण त्यानंतर त्यांचे पत्र आलेले नाही. रकमेपेक्षा मला दुःख याचे आहे की ५० वर्षे एका शब्दावर धंदा केलेल्या माणसाला आपला शब्द दोनदा समजावून सांगावा लागला. तेव्हापासून सासऱ्यांनी फोनवरून मेल लिहिणे सोडून दिले आहे.

सेवा बंद करायची झाल्यास ती कशी करावी, याची उदाहरणे तुमच्याच क्षेत्रात आहेत. नुसत्या नाव-पासवर्डाने जुन्या अ‍ॅपमधून प्रवेश ३० मे २०२२ पासून थांबेल, हे गूगलने आधीच जाहीर केले होते. ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनवरील सेवा ४ जानेवारी २०२२ ला थांबल्या, तीही तारीख ग्राहकांना अगोदर कळवलेली होती. वाईट बातमी असली तरी तारीख हाती असली की माणूस तयारी करतो. आम्हाला महिनाभर आधी एक मेल आला असता तर सासऱ्यांसाठी बटणांचा कळफलक ब्लूटूथने जोडता येईल असा एखादा फोन आम्ही शांतपणे शोधला असता. आता तेच करत आहोत, घाईत आणि पदरमोड करून.

आता माझ्या मागण्या. हा बदल कोणत्या तारखेला केला आणि पूर्वसूचना का दिली नाही, हे मला लेखी कळवावे. आमच्या दोन्ही मेलबॉक्ससाठी असुरक्षित जोडणी ताबडतोब बंद करावी, आणि आम्ही ती वापरत होतो त्या ११ दिवसांतील प्रवेशांची नोंद, म्हणजे कोणत्या वेळी कोणत्या आयपी पत्त्यावरून आत आले ती यादी, आम्हाला द्यावी. पासवर्ड आम्ही बदलला आहे, पण त्याआधी कोणी आत येऊन गेले का हे तुमच्याशिवाय दुसरे कोणी सांगू शकत नाही, म्हणून ही मागणी मला सर्वांत तातडीची वाटते. सासऱ्यांचा मेलबॉक्स ज्या उपकरणासाठी घेतला त्यावर तो आता चालणारच नसल्याने त्याचे उरलेल्या १९ महिन्यांचे शुल्क परत करावे. टॅबवरचा मेलबॉक्स आम्ही चालू ठेवणार आहोत, त्याचे पैसे मी मागत नाही.

शेवटी मदतपानाबद्दल. हे पत्र लिहीत असताना, आज सकाळीही, तिथे जुन्या हँडसेटची तीच सेटिंग जशीच्या तशी आहेत. आज कोणी ते वाचून तीन वर्षांचे पैसे भरेल आणि पहिल्याच दिवशी अडकेल. ते पान आजच्या आज दुरुस्त करावे. कोणत्या प्रणालीची कोणती आवृत्ती चालते, कोणती वेगळ्या अ‍ॅपने चालते आणि कोणती चालतच नाही, हे त्यात सरळ लिहावे, आणि ते मराठीतही असावे. ई७१ सारखे फोन जपून वापरणारी माणसे बहुतेक सासऱ्यांच्याच वयाची असतात आणि त्यांना इंग्रजीतल्या सूचना वाचून दाखवायला प्रत्येक घरात भाचा नसतो.

या पत्राचे लेखी उत्तर १५ दिवसांत मिळावे. न मिळाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. प्रवेशांची नोंद मात्र १५ दिवस न थांबता तीन दिवसांत पाठवावी, ही विनंती.

कळावे,

आपली विश्वासू,
(सही)
भागीदार व पत्रव्यवहार प्रमुख,
तंतुवाद्य निर्मिती कारखाना, मिरज

सोबत : मदतपानाची योजना घेतानाची छापील प्रत व आजची प्रत, शुल्क भरल्याची पावती, चारही फोनच्या तारखा व वेळा, आणि न्यू जर्सीच्या ग्राहकांना गेलेल्या दोन्ही उत्तरांच्या प्रती (नाव-पत्ता झाकून).