बापू, हात नाही उचलला म्हणजे झालं का

बापू,

फोनवर बोलली असती, पण तू मधातच तोडतो, आणि वरून फोन स्पीकरवर ठेवतो. म्हणून हे बोटानं टाइप करून राहिली, चुका होतील, समजून घेजो.

पोळ्याले तुम्ही दोघं आले तेव्हाचं डोक्यातून जात नाही. सूनबाईचा फोन वाजला, तिच्या मायचा होता, तू तिच्या आधी उचलला आणि ती कामात आहे म्हणून ठेवून दिला. काम कोणतं रे? माझ्याजवळ बसून मिरच्या खुडत होती ती. मग संध्याकाळी तिनं मले हळूच दोनशे रुपये मागितले, पॅडसाठी. लाडक्या बहिणीचे 1500 तिच्या खात्यात येते आणि एटीएम तुह्या पाकिटात. पाहुण्यांसमोर तू म्हणाला, हिले काही समजत नाही, सगळे हसले, मीही हसली. तेच मले आता टोचून राहिलं.

तू म्हणशील मी कधी हात लावला का तिले. नाही लावला, माहीत आहे. तुह्या बाबानंही मले कधी मारलं नाही, अख्खं गाव देवमाणूस म्हणे. पण कापसाचे पैसे मोजताना मले आत जाय म्हणत, बाजारातल्या मेथीच्या जुडीचाही हिशोब घेत, माहेरी जातो म्हटलं की जा ना पण मग तिकडंच राहा. चहात साखर कमी पडली तर आठ-आठ दिवस अबोला, आणि मग एका सकाळी गरम जिलेबी आणून ठेवायचे, की झालं, मी खुश. मले वाटे संसार असाच असते. ते गेले तेव्हा बँकेत मले पैसे काढायची स्लिप भरता येत नव्हती बापू, पन्नाशीत, मागं लाइन लागलेली, आणि मी रडून राहिली.

मागच्या महिन्यात बचत गटाच्या बाया पंचायत समितीत गेलो होतो, संरक्षण अधिकारी मॅडम आल्या होत्या. घरगुती हिंसाचाराचा कायदा 2005 चा, 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू, म्हणजे तू शाळेत होता तेव्हापासूनचा, आणि मले आता समजून राहिला. मारहाण त्यातला एकच प्रकार आहे म्हणे. टोमणे, अपमान, लेकरू होत नाही किंवा पोरगा होत नाही म्हणून बोलणं हेही त्यातच येते. घरखर्चाले पैसे न देणं, तिची कमाई काढून घेणं, तिचे दागिने परस्पर विकणं, हे आर्थिक. आणि अंथरुणातली जबरदस्तीही येते, मी माय असून लिहून राहिली, लाजू नको, वाच. लग्न न करता नवराबायकोसारखे राहणाऱ्यांले, बहिणीले, मायलेही हा कायदा लागते. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिले त्यातून असंच बाहेर काढता येत नाही. पैशाचं निघालं तेव्हा हॉलमधल्या साऱ्या बाया खाली पाहू लागल्या. एक म्हातारी म्हणाली, मॅडम हे तर आमचं रोजचंच आहे. कोणीच हसलं नाही.

मॅडमनं आणखी एक सांगितलं, बाई बोलताना पहिले नवऱ्याच्या तोंडाकडं पाहून घेत असंल तर समजा. मले पोळ्याचा दिवस आठवला. मी भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं, तर तिनं पहिले तुह्याकडं पाहिलं.

तुले वाईट म्हणत नाही मी. तू हे आमच्याच घरी शिकला, मी गप राहून शिकवलं, त्यात माझाही वाटा आहे. पण आता माहीत झालं ना. एटीएम तिले दे, पिन तिलेच टाकू दे, तू विचारू नको. तिच्या मायचा फोन तिलेच उचलू दे.

181 हा बायांच्या हेल्पलाइनचा नंबर गटातल्या साऱ्याइले दिला, तिलेही दिला. लपून नाही दिला, तुले सांगून राहिली. ह्यावरून तिले काही बोलला तर पहिल्या एसटीनं मी तिकडं येतो.

दसऱ्यानंतर कपाशीची पहिली वेचणी आहे, मजूर भेटून नाही राहिले, दोघं या. यायच्या आधी तिले दोन दिवस माहेरी सोडजो, तू तिथं बसून राहू नको. मले विचारायचं असंल ते तिलेच विचारीन.

तुही आई