दत्त्या, व्हॅलिडिटी इथंही आली

विनिपेग (कॅनडा), रविवार

प्रिय दत्त्या,

शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. तब्येत ठीक, थंडीनं नाक गळतंय एवढंच. काम तुझ्याशीच आहे. दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही.

आमच्या आदिवासी अभ्यास विभागात सध्या एकच विषय पेटलाय: खरा आदिवासी कोण, आणि ते ठरवायचं कुणी. हस लेका! मीही मीटिंगमध्ये हसू दाबूनच बसलो होतो. इथं बरीच वर्षं अर्जातल्या चौकटीत खूण केली की भागायचं. मग २०२१ मध्ये शेजारच्या सस्कॅचवान विद्यापीठात एका मोठ्या प्राध्यापिकेच्या आदिवासी असल्याच्या दाव्यावर प्रश्न उठले, आणि २०२२ मध्ये त्या विद्यापीठानं कागद तपासायचं धोरण आणलं. आता आमच्याकडंही तेच घाटतंय. गाइड मॅडम क्री या इथल्या आदिवासी समाजातल्या आहेत, बोलतात कमी. म्हणाल्या, तुमच्याकडं तर जमातीचे दाखले तपासणाऱ्या समित्या आहेत, २००१ पासून कायदा आहे, पुढच्या मीटिंगला तू सांग.

काय सांगू? बोगसवाल्यांनी आपल्या किती जागा खाल्ल्या ते सांगू, की तुझं सांगू?

आपले दोघांचे आजे एकाच शाळेत. माझ्या आज्यापुढं गुरुजींनी 'हिं. म. कोळी' लिहिलं, म्हणजे हिंदू महादेव कोळी, तुझ्या आज्यापुढं नुसतं 'कोळी'. तेवढ्या एका 'म.'वर माझ्या चुलत्याला व्हॅलिडिटी, म्हणजे दाखला खरा असल्याचं समितीचं प्रमाणपत्र, मिळाली, त्याच्या जोरावर मला, आणि तू पन्नास सालाआधीचा पुरावा शोधत तालुक्याला खेटे घालत राहिलास. समितीच्या दक्षता पथकाचा साहेब तुमच्या ओट्यावर बसून विचारतोय, वाघबारशीला काय करता? आणि तुझी आजी म्हणते, त्या दिवशी ये, खाऊन जा, मग लिही! ते त्यानं अहवालात घेतलं असतं तर तुझी सीट वाचली असती. आप्तभाव चाचणी, म्हणजे हीच सणवार-चालीरीतींची विचारपूस, काही अखेरची कसोटी नव्हे, हे सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये सांगितलं. तोवर तू डिप्लोमा सोडून पिकअप घेतली होतीस.

होस्टेलच्या गच्चीवर आपण यावरूनच भांडलो होतो. मी म्हणालो, समिती कडकच पाहिजे. तू म्हणालास, बोगस माणसाची फाइल कधी अपुरी असते का? आणि माझ्या वाटणीचं अंडं खाल्लंस. अंड्याचं मी अजून विसरलो नाही. समिती पाहिजेच, हे माझं मत आजही तेच आहे. फक्त तिनं फाइलच्या आधी गावाला विचारावं.

विभागात एक सल्लागार आजी आहेत, अनिशिनाबे या इथल्याच दुसऱ्या आदिवासी समाजातल्या. प्राध्यापक नाहीत, पण पीएचडीच्या समितीत त्यांचा शब्द चालतो. काही विचारायचं तर आधी हातात तंबाखू द्यायची. (आपल्या आज्यांना हा विभाग फार आवडला असता.) या बाईंनी गोऱ्याशी लग्न केलं म्हणून सरकारनं यांचं नाव आदिवासींच्या यादीतून काढलं, तेव्हाचा कायदाच तसा. आणि यांच्या भावाची गोरी बायको लग्न करून कायद्यानं आदिवासी झाली! १९८५ मध्ये कायदा बदलला, तेव्हा यांना आदिवासी असल्याचं कार्ड परत मिळालं. त्यांना तुझी हकीकत सांगितली, नाव न घेता. सगळं ऐकलं आणि मलाच विचारलं, हे मीटिंगमध्ये सांगणार आहेस, त्या मुलाला विचारलंस का?

म्हणून हे पत्र. सांगू का? नाव घालू की नको? आजीचं वाघबारशीचं सांगितलं तर चालेल का? ते मला फार सांगावंसं वाटतंय. आणि तुझं अजूनही म्हणणं असेल की समितीच नको, तर तेही तुझ्या तोंडचं म्हणून सांगेन. माझ्या मतात घुसडणार नाही.

पोरीला शाळेत घातलंस ते कळलं, छान. तिच्या दाखल्यावर पूर्ण 'महादेव कोळी' आहे ना, स्वतः जाऊन बघ. पिकअपचे हप्ते फिटले का? वहिनींना नमस्कार.

मीटिंग पुढच्या गुरुवारी आहे. लिहीत बसू नकोस, तुझ्याकडं रात्र झाली की फोन कर, मी उठलेला असतो.

तुझा,
नामा