वीज गेली आणि आजींचं खातं दिसेना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महालातल्या एका पतसंस्थेत मी संगणक सांभाळतो. मे महिन्यात भरदुपारी वीज गेली, यूपीएसही दमला, सर्व्हर बंद पडला. सुरू केल्यावर एका आजींचं खातं क्रमांक टाकून सापडेना. त्या पासबुक घट्ट धरून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. सगळा तक्ता ओळीनं चाळला, तेव्हा नोंद जागच्या जागी होती!

आमचं पोस्टग्रेस, म्हणजे खात्यांच्या नोंदी ठेवणारा डेटाबेस, दहाव्या आवृत्तीच्या आधीचं. त्यात तक्त्यातला बदल आधी लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, उतरतो आणि सर्व्हर कोसळल्यास तिथून पुन्हा उभा राहतो. हॅश इंडेक्सचे, म्हणजे नोंद झटकन शोधून देणाऱ्या एका प्रकारच्या सूचीचे, बदल मात्र लॉगमध्ये जातच नसत. म्हणजे खातेवही शाबूत, पण तिची अनुक्रमणिका अर्धवट. इंडेक्स नव्यानं बांधला, खातं लगेच आलं. २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत ही उणीव दूर झाली. बी-ट्री या दुसऱ्या प्रकारच्या इंडेक्सला ती आधीही नव्हती.

लहान संस्थांच्या चालकांना कळकळीची विनंती: आवृत्ती कोणती, हॅश इंडेक्स आहे का, हे उन्हाळ्याआधी विचारून घ्या. आणि वेगासाठी कुणी एफसिंक (बदल खरोखर डिस्कवर उतरल्याची खात्री करणारी सेटिंग) बंद केलं असेल, तर ते आजच सुरू करा. त्याविना लॉगचाही भरवसा नाही.

आपला,
एक वाचक, नागपूर