शनिवारची बेल्जियन बिअर बैठक : सभासदांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी संध्याकाळी 6 वाजता गेंटमधल्या आपल्या नेहमीच्या जागी जमायचे आहे. यावेळी शिफारस प्रत्येकाने करायची आहे.

• स्वतः पिऊन आवडलेली एकच बाटली आणा. ती का आवडली ते नीट सांगा. नुसते ‘मस्त आहे’ पुरणार नाही.

• बिअरचे नाव गुरुवारपर्यंत ग्रुपवर टाका, म्हणजे एकच बिअर चौघे आणणार नाहीत. अपवाद फक्त ऑर्व्हालचा. तिच्यात ब्रेटानोमायसिस हे यीस्ट असते, त्यामुळे ताजी बाटली हॉप्सने (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांनी) कडसर लागते, तर वर्षभर ठेवलेली कोरडी आणि मातकट. दोन्ही शेजारी ठेवून चाखायलाच हव्यात. बाटली भरल्याची तारीख लेबलवर असते, ती पाहून घ्या.

• हलक्यापासून सुरुवात करू: सेझों ड्युपों (6.5 टक्के अल्कोहोल), मग वेस्टमाल ट्रिपल (9.5), शेवटी रोशफोर 10 (11.3). बाकीच्या त्यांच्या मध्ये बसवू.

• ग्योझ ही बेल्जियन बिअर पहिल्यांदाच पिणाऱ्यांसाठी: ती आंबटच असते, खराब झालेली नसते. हवेतल्या यीस्टने आंबलेल्या, एक ते तीन वर्षे मुरलेल्या लॅम्बिक नावाच्या बिअरचे ते मिश्रण आहे. पहिल्या घोटावर मत बनवू नका.

• बाटल्या आदल्या दिवसापासून उभ्या ठेवा, गाळ खाली बसतो.

• गाडी चालवणाऱ्यांनी घोटही घेऊ नये. शक्यतो सगळ्यांनी ट्रेननेच या.

ग्लास, पाणी, चीज आणि चकली इथे असेल.