शिकाऊ डॉक्टरच्या शेजारी शिक्षक बसायला हवा

महोदय,

डॉक्टरांच्या शिक्षणाचा विषय निघाला की बोलणं प्रवेशपरीक्षा, जागा आणि फी यांच्यापाशीच अडतं. आत गेलेला विद्यार्थी माणूस तपासायला नेमका शिकतो कसा, हे फारसं कुणी विचारत नाही. मी डॉक्टर नाही. पण ज्यांच्यावर डॉक्टर शिकतात त्यांच्यातली एक आहे, म्हणून हे पत्र.

लहानपणी आलेल्या रुमॅटिक तापामुळे माझ्या हृदयाची मायट्रल झडप आकसली आहे. अशा झडपेतून रक्त जाताना होणारा आवाज, ज्याला डॉक्टर मर्मर म्हणतात, खालच्या पट्टीतला आणि घरघरल्यासारखा असतो. तो सहज सापडत नाही. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवायचं, स्टेथोस्कोपची बेल, म्हणजे खोलगट बाजू, छातीवर हलकेच टेकवायची, तेव्हा कुठे ऐकू येतो. त्यामुळे विद्यार्थी असलेल्या रुग्णालयात मी दाखल झाले की माझी 'चांगली केस' होते. मला त्याचा कधी राग आला नाही. कुणीतरी कुणाच्या तरी छातीवर पहिल्यांदा स्टेथोस्कोप ठेवणारच.

मागच्या खेपेला एका मुलाने मला उताणं असतानाच, अंगावरच्या कपड्यावरूनच तपासलं. दहा सेकंदही झाले नसतील. दुसऱ्या दिवशी राउंडच्या वेळी त्याने त्या मर्मरचं वर्णन अगदी पुस्तकात असावं तसं, न अडखळता म्हणून दाखवलं. सरांनी मान डोलावली. त्याने मला कुशीवर वळवलंच नव्हतं, हे त्या खोलीत फक्त दोघांना माहीत होतं.

त्याच दुपारी एक मुलगी स्टूल ओढून माझ्याजवळ बसली. रात्री झोपताना उशा किती लागतात, जिना चढताना मध्ये थांबावं लागतं का, असं विचारत विचारत ती म्हणाली, "काकू, एवढ्या गोळ्यांपैकी कुठली घ्यायला जड जाते का?" गोळ्या वेळेवर घेता ना, असं सगळेच विचारतात आणि मी हो म्हणते. तिने असं विचारल्यावर मात्र मी खरं बोलून गेले. बाहेर जायचं असलं की मी लघवीची, म्हणजे अंगात साठलेलं पाणी काढणारी, गोळी टाळते, कारण वाटेत स्वच्छतागृह कुठे शोधणार? ही गोष्ट मी वर्षानुवर्षं कुणालाच सांगितली नव्हती. मला वारंवार धाप का लागते, याचं निम्मं उत्तर त्यात होतं. तिने ते निवासी डॉक्टरांना सांगितलं आणि गोळीची वेळ बदलून मिळाली. राउंडला मात्र ती बोलू लागली तोच सर इको रिपोर्टकडे वळले.

म्हणजे त्या मुलाची चूक कुणी पाहिली नाही आणि या मुलीचं कौशल्यही कुणी पाहिलं नाही. दोघांच्या लॉगबुकमध्ये सही मात्र सारखीच पडली असणार. माझं म्हणणं एवढ्याच एका गोष्टीबद्दल आहे.

रुग्णाशी बोलणं ही नुसती सौजन्याची बाब आहे, असं समजायचं कारण नाही. 1975 साली ब्रिटनमध्ये बाह्यरुग्ण विभागात नव्याने आलेल्या 80 रुग्णांवर एक अभ्यास झाला. त्यातल्या 66 जणांचं निदान सोबतची डॉक्टरची चिठ्ठी वाचून आणि त्यांची हकीकत ऐकूनच झालं होतं. शारीरिक तपासणीमुळे आणखी 7 जणांचं ठरलं, आणि प्रयोगशाळेमुळे आणखी 7 जणांचं. पुढे 1984 मध्ये अमेरिकेत डॉक्टर-रुग्ण भेटींच्या ध्वनिफिती ऐकल्या गेल्या, तेव्हा रुग्ण बोलायला लागल्यावर सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर त्याला तोडतात असं दिसलं. जिथे निदान दडलेलं असतं तिथेच थांबायचं नाही, ही सवय कुठून लागते? मला वाटतं, विद्यार्थी असताना पहिल्यांदा तोडलं तेव्हा शेजारी बसून कुणी टोकलं नाही, तिथूनच.

विल्यम ऑस्लर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विद्यार्थ्यांना व्याख्यानाच्या सभागृहातून काढून वॉर्डात आणलं. आपण वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवलं, एवढंच आपल्या समाधीवर लिहिलं जावं, अशी इच्छा या एवढ्या नावाजलेल्या वैद्याने बोलून दाखवली होती. आज बऱ्याच ठिकाणी प्राध्यापकांची बढती शोधनिबंध मोजून होते, खाटेपाशी घालवलेले तास मोजून नाही. मग तिथे थांबावंसं वाटणार कुणाला?

परीक्षा सुधारल्या आहेत, हे मान्य. रोनाल्ड हार्डन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडीत मांडलेल्या ओस्की पद्धतीत विद्यार्थी एकेका टेबलापाशी ठरावीक मिनिटांत एकेक काम करून दाखवतो आणि परीक्षक ते प्रत्यक्ष पाहतो. ती गरजेची आहे. पण ती परीक्षा आहे. परीक्षक समोर असताना कोणीही रुग्णाला कुशीवर वळवेल. रोजच्या कामातलं पाहायचं तर मिनी-सीईएक्स (Mini-CEX) नावाची साधी पद्धत 1990 च्या दशकापासून उपलब्ध आहे: शिक्षकाने पंधरा-वीस मिनिटं शेजारी बसून खऱ्या रुग्णाची तपासणी पाहायची आणि तिथल्या तिथे काय जमलं, काय राहिलं ते सांगायचं. कागदावर ती अनेक ठिकाणी आहे. भरलेले फॉर्मही असतात. शेजारी बसलेला शिक्षक मात्र मी इतक्या वेळा दाखल होऊन एकदाही पाहिला नाही.

गर्दीत वेळ कुठून आणायचा, हा आक्षेप खरा आहे. ओपीडीत रांग असताना शिक्षकाने बसून राहणं सोपं नाही. पण प्रत्येक रुग्णापाशी बसा, असं मी म्हणतच नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला महिन्यातून दोनदा जरी असं पाहिलं, आणि शिक्षकाच्या कामाच्या हिशेबात ती वीस मिनिटं धरली, तरी पुष्कळ होईल. रुग्णालाही आधी विचारावं, नाव सांगावं, नको म्हणाला तर उपचारात फरक पडणार नाही हे स्पष्ट करावं. बहुतेक जण हो म्हणतील. आम्हाला शिकवायला आवडतं.

पुढच्या महिन्यात मला पुन्हा तपासणीला जायचं आहे. विद्यार्थी आले तर मी नाही म्हणणार नाही. तुमचे शिक्षक इथे थांबणार आहेत का, एवढं मात्र आधी विचारेन.

आपली,
एक वाचक